अदृश्य कणाची वाट कशी शोधतात? काच, गॅस आणि दोन मिलिमीटरची फट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. कापडातला दोष नेमका कुठे आहे हे सांगायला कितवा उभा धागा आणि कितवा आडवा, एवढे पुरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाची जागाही शास्त्रज्ञ अशीच शोधतात. फक्त धाग्यांच्या जागी धातूच्या पट्ट्या असतात.

कोणता कण?

अंतराळातून येणारे किरण वातावरणावर आदळले की म्यूऑन हे कण तयार होतात. जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. ते आपल्या शरीरातूनही आरपार जातात.

ते टिपतात कसे?

त्यासाठीचे एक साधन म्हणजे रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, थोडक्यात आरपीसी. इटलीतील सांतोनिको आणि कार्दारेली यांनी १९८१ मध्ये ते मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) काचेचे आरपीसी विकसित केले. दोन काचांमध्ये दोन मिलिमीटरची फट, फटीतून वाहणारा गॅस आणि काचांवर सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब, अशी त्याची रचना असते.

म्यूऑन गॅसमधून जाताना अणूंमधले काही इलेक्ट्रॉन सुटे करतो. विजेच्या दाबामुळे ते वेगाने धावतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि क्षणात त्यांचा लोंढा होतो. काच वीज सहज वाहू देत नाही, म्हणून हा लोंढा तेवढ्याच जागी राहतो. त्याचा संकेत एका बाजूच्या उभ्या आणि दुसऱ्या बाजूच्या आडव्या पट्टीवर उमटतो. दोन्ही जिथे छेदतात, तिथून कण गेला. लोखंडाच्या थरांमध्ये असे अनेक आरपीसी बसवले की बिंदू जोडून पूर्ण वाट मिळते. लोखंड चुंबकित असेल तर ही वाट वळते आणि त्या वळणावरून कणाचा भार व संवेग कळतो.

मदुराईत ८५ टन लोखंडाचा असा छोटा डिटेक्टर उभारला आहे. न्यूट्रिनोच्या अभ्यासासाठी आखलेल्या ५०,००० टनी डिटेक्टरची ही लहान आवृत्ती. तमिळनाडूतला तो मोठा प्रकल्प स्थानिक विरोधामुळे रखडला आहे.

अडचण गॅसचीच

मिश्रणातला ९५ टक्के भाग आर-१३४ए असतो, म्हणजे गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा गॅस. थोडा आयसोब्युटेन प्रकाशकण शोषतो, तर किंचित सल्फर हेक्साफ्लोराइड जादा इलेक्ट्रॉन पकडून ठिणगी रोखतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक आणि सल्फर हेक्साफ्लोराइड वीस हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो.

म्हणून गॅस बंद चक्रात फिरवून पुन्हा वापरणे आणि कमी घातक पर्याय शोधणे, या दोन्ही दिशांनी जगभर काम सुरू आहे. एचएफओ गटातले गॅस हा एक पर्याय आहे, पण त्यांना विजेचा दाब जास्त लागतो. त्यामुळे नुसता गॅस बदलून भागत नाही. प्रत्येक नव्या मिश्रणासाठी लोंढा पुरेसा मोठा व्हावा, पण ठिणगी पडू नये, हा तोल पुन्हा नव्याने जुळवावा लागतो.