माणसाचं प्रोटीन, पण बनवतात हॅमस्टरच्या पेशी! असं का?

जपानमधल्या ॲनिमियाच्या रुग्णांची तब्बल २,५५० लिटर लघवी. १९७७मध्ये शिकागोच्या संशोधकांना त्यातून मिळालं जेमतेम काही मिलिग्रॅम ‘ईपीओ’. लाल रक्तपेशी बनवा, हा किडनीचा निरोप पोहोचवणारं हे प्रोटीन. किडनी बिघडली की निरोप थांबतो, रक्त कमी होतं.

पण एवढ्याशा साठ्यावर संशोधन किती करणार? १९८५मध्ये ईपीओचा मानवी जीन हॅमस्टरच्या पेशींत घालून ते बनवल्याचं जाहीर झालं. हेच रिकॉम्बिनंट प्रोटीन.

इन्सुलिनसारखं बॅक्टेरियाकडून का नाही बनवलं? कारण ईपीओला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात (चहातली साखर नव्हे!). ई. कोलाय बॅक्टेरिया त्या जोडत नाही. असं बिनसाखळीचं ईपीओ काचेच्या बशीतल्या पेशींवर छान काम करतं, शरीरात मात्र झटपट नाहीसं होतं. म्हणूनच प्रोटीनची कुपी मागवताना संशोधक आधी लेबल बघतात: कोणत्या पेशीत बनवलंय?