स्टीअरिंग रॅक गळतोय? बदलण्याआधी गळती नक्की कुठून आहे ते शोधा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या खाली, पुढच्या चाकांच्या मधे तेलकट डाग दिसला की गॅरेजमध्ये पटकन निदान होतं: "रॅक गेलाय, बदलून टाका." हे कधी कधी खरंही असतं. पण रॅक हा महागडा पार्ट आहे. तो उतरवायला बऱ्याच गाड्यांत खालचं अर्ध सामान सोडवावं लागतं, आणि हे सगळं केल्यावर कळतं की गळत होता वरचा एक पाइप. सॉफ्टवेअरमध्ये आपण बग कुठे आहे हे न बघता अख्खं मॉड्यूल पुन्हा लिहीत नाही. इथेही तोच नियम लावायचा.

उदाहरणासाठी पोर्शेच्या 987 पिढीच्या बॉक्सस्टर आणि केमन घेऊ. 2012 पर्यंत चाललेल्या या पिढीत हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग आहे आणि आता या गाड्या सेकंडहँड बाजारात आहेत. तपासायची पद्धत मात्र कुठल्याही हायड्रॉलिक गाडीला लागू होते.

आधी हे बघा: तुमच्या गाडीत तेल आहे का?

प्रश्न साधा वाटेल, पण महत्त्वाचा आहे. 2011 मध्ये आलेली 991 पिढीची 911 आणि 2012 मधली 981 बॉक्सस्टर यांत पोर्शेने इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आणलं. होंडा एस2000 मध्ये तर ते 1999 सालीच होतं. अशा गाडीत मदत करते ती मोटर, तिथे पॉवर स्टीअरिंगचं तेलच नसतं. रॅकवर फार तर ग्रीस सापडेल. म्हणजे इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीखाली द्रव पदार्थाचं थारोळं असेल तर तो रॅकमधून येऊच शकत नाही.

रॅकच्या आत काय चालतं

स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते फिरलं की एक लांब दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो. हा दांडा म्हणजे रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि ते चाकं वळवतात.

हायड्रॉलिक प्रकारात याच दांड्यावर एक पिस्टन असतो आणि त्याच्या दोन बाजूंना तेलाचे दोन कप्पे. तुम्ही स्टीअरिंग वळवलं की पिनियनजवळचा व्हॉल्व्ह ज्या बाजूला मदत हवी त्या कप्प्यात तेल सोडतो. सरळ रस्त्यावर दाब कमी असतो. स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवून धरलं, की तो 100 बारच्या आसपास जाऊ शकतो. तुलनेसाठी, टायरमध्ये आपण साधारण 2 ते 2.5 बार हवा भरतो. इतका दाब अडवून धरायचं काम रबराच्या सीलचं.

रॅकमधून तेल बाहेर येण्याच्या जागा मोजक्याच आहेत: पिनियनच्या वरचं सील, दांड्याच्या दोन टोकांची सील, आणि पाइप जिथे जोडतात ते जोड. टोकाचं सील गळू लागलं तर तेल लगेच जमिनीवर येत नाही. ते आधी टाय रॉडवरच्या घड्यांच्या रबरी बूटमध्ये साठतं. त्यामुळे डाग दिसतो तेव्हा गळती सुरू होऊन बराच काळ गेलेला असू शकतो.

द्रव कुठला आहे ते ओळखा

डागाखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर काय पडलंय ते बघा.

- नुसतं पाणी: बहुधा एसीचं. सोडून द्या.
- तपकिरी-काळं, जाडसर: इंजिन ऑइल.
- लाल आणि तेलकट: अनेक गाड्यांच्या स्टीअरिंगमध्ये गिअरबॉक्सचं लाल एटीएफ तेल असतं.
- हिरवट आणि तेलकट: 987 सारख्या गाड्यांत वापरलं जाणारं सीएचएफ 11 एस तेल.

फसायला होतं ते इथे. कूलंटही हिरवा असू शकतो, आणि 987 चे रेडिएटर पुढेच आहेत. म्हणून केवळ रंगावर जाऊ नका. थेंब पाण्यात टाका. कूलंट पाण्यात मिसळून जातो, तेल वर तरंगतं. बाकी काही करून बघायची गरज नाही, आणि कूलंट विषारी असतो म्हणून चव वगैरे अजिबात घेऊ नका.

गळतीची जागा शोधा

987 मध्ये इंजिन सीटच्या मागे आहे. पंप इंजिनवर, तेलाची टाकी त्याच्या जवळ, आणि रॅक पुढे. मधलं अंतर गाडीखालून जाणारे पाइप जोडतात. याचा फायदा असा, की डाग मागे असेल तर संशय पंप, टाकी आणि तिथल्या होजवर जातो. पुढे असेल तर रॅक किंवा पुढचे पाइप. म्हणजे अर्धे संशयित पहिल्याच फेरीत बाद! ज्या गाड्यांत इंजिन पुढे असतं तिथे हे सगळं एकाच ठिकाणी दाटीवाटीने असतं, म्हणून चूक व्हायची शक्यता जास्त.

आता क्रमाने:

1. पातळी लिहून ठेवा. टाकीतलं तेल किती, तारीख काय, किलोमीटर किती. इंजिन गरम असताना आणि थंड असताना पातळी वेगळी दिसते, म्हणून दर वेळी एकाच स्थितीत बघा.
2. सगळं पुसून कोरडं करा. जुन्या तेलाचा ओघळ असताना नवी गळती दिसत नाही.
3. वरून खाली बघा. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. रॅक ओला दिसला, पण त्याच्या वरचा जोडही ओला असेल, तर आधी जोडावर संशय घ्या.
4. रबरी बूट दाबून बघा. आत तेल असेल तर ते हाताला जाणवतं. नक्की करायचं तर बूटची आतली क्लिप सैल करून बघतात. त्यातून तेल ओघळलं, तर टोकाचं सील गेलं आहे. काही रॅकमध्ये दोन्ही बूट एका नळीने जोडलेले असतात, त्यामुळे तेल एका बाजूचं दुसरीकडे जाऊ शकतं.
5. तरीही कळलं नाही तर यूव्ही डाय. हा रंग तेलात मिसळून काही दिवस गाडी चालवतात. मग यूव्ही टॉर्चखाली गळतीची वाट चमकते.

तपासताना तीन गोष्टी पाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड किंवा लिफ्ट हवीच. इंजिन चालू असताना दाबाच्या पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका, बारीक फवारा कातडीच्या आत शिरू शकतो. आणि स्टीअरिंग टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, त्याने पंप आणि सील दोन्हीवर ताण येतो.

गाडी चालवायची की नाही?

नुसता ओलावा आहे आणि पातळी महिनाभर हलत नाही, तर घाई नाही. लक्ष ठेवा. पातळी किमान खुणेच्या खाली जात असेल, वळताना घुरघुर आवाज येत असेल, टाकीत फेस दिसत असेल, तर थांबा. पंप हवा ओढतोय, आणि असाच चालवला तर पंपही जातो. म्हणजे एकाच्या जागी दोन पार्ट.

तेल संपलं तरी चाकं वळतात, कारण पिनियन आणि रॅकचा जोड कायम असतो. पण वळणाच्या मध्यातच स्टीअरिंग अचानक जड झालं तर ते धोक्याचं आहे. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडत असेल तर आग लागू शकते. ती गाडी टो करूनच न्या.

तेल भरताना टाकीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. एटीएफ आणि सीएचएफ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने सील फुगून खराब होतात. गळती थांबवणारी औषधंही रबर फुगवूनच काम करतात. फार तर तात्पुरतं भागतं.

दुरुस्ती कुठली?

जोड गळत असेल तर वॉशर किंवा ओ-रिंग, होज गळत असेल तर होज. सील गेलं असेल तर तीन पर्याय: सील किट, रिबिल्ड केलेला रॅक, किंवा नवा. निर्णय दांड्याच्या पृष्ठभागावर ठरतो. तो गुळगुळीत असेल तर सील किट टिकू शकतं. गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवं सीलही लवकरच कापलं जाईल.

आणि हा गंज येतो कुठून? फाटलेल्या बूटमधून. आपल्याकडे एक पावसाळा पुरतो. पाणी आणि चिखल आत जातो, दांडा गंजतो, तो प्रत्येक वळणाला सीलवर घासतो. बूट हा त्या मानाने अगदी स्वस्त पार्ट आहे. तडा दिसताच बदलला तर रॅक वाचतो.

रॅक उतरवायचाच ठरला तर गॅरेजला आधीच तीन गोष्टी सांगून ठेवा: काम चालू असताना स्टीअरिंग व्हील मधोमध बांधून ठेवायचं, नाहीतर ते मोकळं फिरून एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग तुटू शकते, तेल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना फिरवून हवा काढायची, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. गाडी ताब्यात घेताना जुना पार्ट मागून घ्या आणि टाकीची पातळी पुन्हा लिहून ठेवा. पुढच्या 500 किलोमीटरमध्ये ती हलली नाही, तर काम नीट झालंय असं समजा.