शाई पडण्याआधी

सकाळी साडेआठ. शेडचं शटर वर गेलं की मी आधी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघते. भोसरी एमआयडीसीतला जुलैमधला बुधवार, बाहेर पावसाची झड, काटा ७८ वर. छपाईच्या खोलीत तो ५० ते ६० च्या दरम्यान यावा लागतो. एसी आणि डिह्युमिडिफायर लावायचा आणि काटा खाली येईपर्यंत एकही गठ्ठा उघडायचा नाही. आज छापायचा माल काल संध्याकाळपासून याच खोलीत आहे. एसीत गार झालेली काच दमट हवेत नेली तर तिच्यावर नजरेला जेमतेम जाणवेल असं दव धरतं, आणि त्यावर लावलेलं काहीही टिकत नाही.

आमच्याकडे यूव्ही फ्लॅटबेड इंकजेट मशीन आहे. ते ऑपरेटर दादा सांभाळतात. माझं टेबल त्यांच्या आधी येतं. पुसणं, तपासणं, प्रायमर लावणं, गरज पडेल तिथे ज्योत फिरवणं, ही माझी कामं. कागदात शाई मुरते. काच, पत्रा, प्लास्टिक यांत तिला मुरायला वावच नसतो. यूव्ही शाई नुसती वर बसते, मागोमाग येणारा एलईडी दिवा तिला क्षणात घट्ट करतो, आणि घट्ट होताना ती किंचित आकसते. खालची पकड कच्ची असेल तर हा आकसलेला थर कोपऱ्यांपासून सुटायला लागतो. मशीनमधून बाहेर येताना चांगलं आणि वाईट काम अगदी सारखंच सुंदर दिसतं, हीच या धंद्यातली खरी अडचण.

नऊ वाजता गणेश मंडळाची मुलं सनपॅकच्या शीट घेऊन हजर.

"ताई, गेल्या वर्षीच्या उरल्यात, एकदम कोऱ्या आहेत. यावरच छापा ना. वर्गणीचे पैसे आहेत."

वर्गणीचे पैसे म्हटल्यावर माझ्याही जिवावर येतं. पण शीट कोरी आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही. मी डाइन पेनांचा डबा काढते. या पेनांमधली द्रावणं ठरावीक पृष्ठताणाची असतात: ३४, ३६, ३८, ४० असे आकडे, एकक डाइन प्रति सेंटिमीटर. पेनाची रेघ ओढायची आणि दोन सेकंद बघायचं. रेघ अखंड राहिली तर पृष्ठभाग त्या आकड्याला उतरला. आधी ३८ चं पेन लावलं. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे रेघेचे थेंब थेंब झाले. ३६ नेही तेच. ३४ ची रेघ टिकली. आम्ही सनपॅकला ३८ च्या खाली हात लावत नाही.

मुलांना कारण सांगितलं, कारण "नाही चालणार" एवढंच ऐकून कोणाचं समाधान होत नाही. सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याची स्वतःची पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास, शाईचा पृष्ठताण साधारण २२ ते ३०. शाई नीट पसरून धरायची तर खालचा आकडा शाईपेक्षा आठ-दहाने तरी जास्त हवा. म्हणून कारखान्यातच शीटवर कोरोना प्रक्रिया करतात. जास्त दाबाच्या विजेचा विसर्ग हवेतून पृष्ठभागावर सोडला की तिथे ऑक्सिजन असलेले रासायनिक गट तयार होतात आणि आकडा ४० च्या वर जातो. डेन्मार्कच्या व्हर्नर आइस्बी यांनी १९५१ मध्ये ही पद्धत शोधली आणि त्यानंतर प्लास्टिकवरच्या छपाईचं चित्रच पालटलं. पण हा परिणाम कायमचा नसतो. महिने जातात तसे ते गट आत वळतात, प्लास्टिकमधली घसरणीची द्रव्यं वर येऊन बसतात, आणि आकडा उतरत जातो. वर्षभर माळ्यावर पडलेल्या शीटचं हेच झालंय.

शेवटी असं ठरलं. रस्त्यावर, पावसात लागणारे मोठे बोर्ड नव्या शीटवर. मांडवाच्या आत लागणाऱ्या बाणांच्या पाट्या जुन्या शीटवर, पण प्रायमर लावून. हा प्रायमर क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा, खास पॉलिप्रॉपिलीनसाठी. त्याला वास उग्र येतो, म्हणून तो एक्झॉस्टच्या टेबलावरच लावायचा. वर्गणीतले बरेच पैसे वाचले आणि बोर्ड विसर्जनापर्यंत टिकतील याची मला खात्री आहे.

पावणेदहाला व्हरांड्यात ज्योतीचं काम. एका कारखान्याच्या जाड पॉलिथिनच्या सूचना-पाट्या आहेत. गॅसच्या बर्नरची निळी, हवा किंचित जास्त असलेली ज्योत त्यांच्यावरून झर्रकन फिरवायची. हात रेंगाळला तर पाटी वाकते, घाई झाली तर मधे पट्टे कोरे राहतात. पुसायचा आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, उघडण्याआधी हे उरकावंच लागतं. आयपीएची वाफ १२-१३ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते. बर्नर बंद, सिलेंडर बंद, दोन्ही पुन्हा तपासले, मगच आयपीएचं कपाट उघडलं.

साडेदहा ते एक, काच. स्वयंपाकघरात ओट्यामागे लावायच्या काचा, मागच्या बाजूने छापायच्या. हे माझं आवडतं काम. आजची सपाट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये ही पद्धत जगासमोर आणली. त्यामुळे प्रत्येक काचेला एक कथलाची बाजू असते आणि एक हवेची. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच. खोलीत अंधार करून, चष्मा लावून, २५४ नॅनोमीटरचा दिवा तिरका धरला की कथलाची बाजू दुधाळ चमकते. प्रायमर आणि शाई दोन्ही बाजूंवर सारखी वागत नाहीत, म्हणून आम्ही हवेची बाजू घेतो आणि कोपऱ्यावर टेपचा ठिपका लावतो.

मग धुणं. सौम्य साबण, नंतर शुद्ध पाणी. काच उभी धरून पाणी ओतलं की ते अखंड पडद्यासारखं उतरलं पाहिजे. कुठे पडदा फाटला तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. वाळल्यावर आयपीए, त्यावर सायलेनचा प्रायमर. सायलेनचा रेणू एका टोकाने काचेला धरतो आणि दुसऱ्या टोकाने शाईला. त्यामुळे लागतो तो अगदी पातळ थर. लावायचा, थांबायचं, कोरड्या कापडाने जादाचा पुसून घ्यायचा. जाड लावला तर सायलेनचे रेणू एकमेकांनाच धरून बसतात आणि तो थरच कच्चा होतो. टेबलावर नव्याने आलेल्या पोरीला मी आधी कापड धरायला शिकवलं: चौघडी करायची, एकाच दिशेने ओढायचं, प्रत्येक ओढीला नवी घडी, आणि वापरलेलं कापड बाटलीत कधीच बुडवायचं नाही. गोल गोल पुसल्याने तेल निघत नाही, नुसतं पसरतं.

एक वाजता डबे. जेवण झाल्यावर साबणाने हात धुवून नवे नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय कोणी टेबलाला शिवत नाही. केसांना लावलेलं खोबरेल, हाताचं क्रीम, शेजारच्या मशीनवर मारलेला सिलिकॉनचा स्प्रे, यातलं काहीही बोटांतून आलं की शाई तिथे मासोळीच्या डोळ्यासारखं भोक पाडते. सिलिकॉनचा स्प्रे तर शेडमध्ये आणायलाच बंदी आहे, आणि ती मी मोडू देत नाही.

दोन वाजता दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम. विजेच्या कंट्रोल पॅनेलच्या पावडर कोटिंग केलेल्या पट्ट्या आहेत. त्यांच्यावर बटणांची नावं छापायची: चालू, बंद, आपत्कालीन थांबा. ही अक्षरं उडाली तर यंत्रासमोरचा कामगार गडबडीच्या क्षणी चुकीच्या बटणावर हात मारेल. काल याच लॉटमधल्या एका तुकड्यावर नमुना छापला होता, त्याला आता २४ तास झाले. यूव्ही शाईची पकड दिवसभर वाढत राहते, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशीच घ्यायचा. कटरने एक मिलिमीटर अंतराने सहा उभ्या, सहा आडव्या रेघा, वर टेप दाबून झटक्यात ओढायची. जाळीतले काही चौकोन टेपबरोबर निघून आले, अंदाजे दहा टक्के. अमेरिकी एएसटीएमच्या प्रतवारीत हे ३बी, आयएसओच्या प्रतवारीत २. या दोन प्रतवाऱ्या उलट्या चालतात. एकीत ५बी सर्वोत्तम, दुसरीत शून्य. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर कोणती मागितली आहे हे आधी वाचावंच लागतं. या ड्रॉइंगवर ५बी मागितलं होतं.

आधीच्या लॉटला असं झालं नव्हतं. पट्ट्या त्याच रंगाच्या, पण हाताला जास्त गुळगुळीत. पावडरमध्ये मेणाचं प्रमाण वाढलं की पृष्ठभाग असा लागतो. पेन लावलं, ३६ ची रेघही तुटली. आयपीएने दोनदा पुसून पुन्हा पेन लावलं, फार फरक नाही. पुसून जाणारं काही नाही, ते कोटिंगच्या आतूनच येतंय. एवढं कळल्यावर आज छापायचा प्रश्नच नव्हता. ग्राहकाला फोन केला.

"साहेब, पावडरचा लॉट बदललाय का?"

"बदललाय, पण रंग तोच आहे."

"रंग तोच आहे, पकड नाही. प्रायमर लावून आज नमुना छापते. उद्या गुरुवार, एमआयडीसी बंद. शुक्रवारी सकाळी टेप लावते. उतरला तर दुपारी माल."

ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "अक्षरं निघायला नकोत एवढंच बघा." चारपर्यंत प्रायमर लावलेले तीन नमुने तयार झाले, तिन्हींवर तारीख, लॉट आणि प्रायमरचं नाव लिहिलं.

उरलेली दुपार अॅक्रिलिकची. वरची फिल्म सोलताना स्थिर वीज तयार होते आणि धूळ ओढली जाते, शाईचे बारीक थेंबही भरकटतात, म्हणून आयनायझरच्या पट्टीखाली सावकाश सोलायची. लेझरने कापलेल्या कडांना आयपीए लागू द्यायचा नाही, तिथे केसासारख्या भेगा जातात.

साडेसहाला मंडळाची मुलं बोर्ड घेऊन गेली. मी नोंदवही भरली: आर्द्रता, पेनांचे आकडे, कोणता प्रायमर, किती वाजता लावला, किती वाजता छापला.

आमच्या धंद्यात कोटेशन चौरस फुटाच्या भावाने जातं आणि त्यात पृष्ठभागाच्या तयारीची ओळ नसते. ती असायला हवी, कारण छपाईला मिनिटं लागतात आणि तयारीला तास. काच, पत्रा किंवा प्लास्टिकवर काही छापून घेणार असाल तर तीन गोष्टी करा. वस्तू उन्हात, पावसात की घरात लागणार ते आधी सांगा. त्याच लॉटमधला एक जादा तुकडा द्या. आणि माल नेण्यापूर्वी त्या तुकड्यावर, छापून २४ तास झाल्यावर, तुमच्यासमोर टेप लावून दाखवायला सांगा.