सीमेवरची आई

सौंसरच्या बसस्टँडवर बोलणं मराठीत चालतं आणि पाट्या हिंदीत असतात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, राज्य मात्र तेच. सोयरीक सीमेपलीकडच्या सावनेर-काटोलकडे आणि सरकारी कामं भोपाळकडे, असा इथला संसार. आपण नक्की कुठले, हा प्रश्न इथल्या माणसाला नवा नाही. बायबलमधल्या शुभवर्तमानांत आजारी माणसं बरी झाल्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्यांतली एक अशाच सीमेवर घडते, आणि सौंसरकडून पाहिलं की ती जरा जास्त कळते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू गालील सोडून सोर आणि सिदोनच्या मुलखात जातो. हा भाग आजच्या लेबनॉनमध्ये येतो. तिथली एक परधर्मी बाई त्याच्या मागे लागते. मत्तय तिला कनानी म्हणतो, मार्क सुरफुनीकी; नाव दोघंही सांगत नाहीत. तिच्या मुलीला भुतानं पछाडलंय. ती गयावया करते, येशू अक्षरही बोलत नाही. शिष्य वैतागतात: हिला वाटेला लावा, केव्हाची मागून ओरडतेय. मग तो सांगतो, आपलं काम इस्राएलच्या चुकल्या मेंढरांपुरतं आहे. ती पुढे होऊन पाया पडते. त्यावर मिळतं ते उत्तर फारच कडू आहे. पोरांच्या तोंडचा घास कुत्र्यांना घालायचा का, असा त्याचा अर्थ.

भाष्यकारांनी हे उत्तर मवाळ करायचा शतकानुशतकं प्रयत्न केला आहे. कुणी म्हणतं ती परीक्षा होती, कुणी म्हणतं बोलण्याचा सूर हसरा असेल. असेलही. पण तिच्या कानांवर पडला तो अपमानच, आणि तो गिळून ती तिथेच उभी राहिली. आमच्या भागातली माय असती तर म्हणाली असती, ‘खरं हाय बाप्पा, पण लेकरायच्या ताटातलं सांडलेलं तं कुत्रंबी खाते ना!’ तिचं उत्तर अगदी याच धाटणीचं आहे. ती शिवी परतवत नाही, शिवीतूनच आपला हक्क काढते. येशू हरतो म्हणा किंवा वितळतो म्हणा. मुलगी त्याच घटकेला बरी होते, तीही लांब घरी असताना.

मत्तयानं ही गोष्ट कुठे बसवली आहे ते पाहण्यासारखं आहे. तिच्या आधी परुशी या कर्मठ यहुदी पंथाशी हात धुण्यावरून आणि सोवळ्या-ओवळ्यावरून वाद झालेला आहे. तोंडातून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही, हा येशूचा निवाडा ताजा आहे, आणि लगेच समोर उभी राहते ती यहुद्यांच्या लेखी पुरती विटाळलेली बाई. आगेमागे जेवणाचे दोन प्रसंग आहेत. 14व्या अध्यायात पाच हजार जेवतात आणि बारा टोपल्या उरतात. या गोष्टीनंतर चार हजार जेवतात आणि सात पाट्या उरतात. सांडलेल्या तुकड्यांवर हक्क सांगणारी बाई नेमकी या दोन पंगतींच्या मध्ये येते. भाकर कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता, एवढं तिनं बरोबर ओळखलं.

मत्तयात येशू मोठ्या विश्वासाची पावती फक्त दोघांना देतो. एक कफर्णहूमचा रोमी शताधिपती, आपल्या चाकरासाठी आलेला, दुसरी ही. दोघंही परके, आणि दोघंही दुसऱ्यासाठी मागणारे. शिष्यांच्या वाट्याला मात्र पुन्हा पुन्हा अल्पविश्वासी हे विशेषण येतं. पाण्यावर चालायला निघालेला पेत्र बुडायला लागतो तो या गोष्टीच्या एकच अध्याय आधी. मार्काच्या 7व्या अध्यायात तर विश्वास हा शब्दच नाही. तिथे मुलगी बरी होते ती आईच्या उत्तरामुळे, असं येशू सरळ सांगतो. भक्कम श्रद्धा म्हणजे मान खाली घालून गप्प राहणं, ही आपली समजूत या बाईपुढे टिकत नाही. ती वाद घालते आणि दार बंद झालं तरी जात नाही, कारण घरी पोरगी पडली आहे.

ज्या पोरीसाठी हे सगळं चाललंय ती प्रसंगात कुठेच नाही. तिची श्रद्धा किती, तिनं काय पाप केलं, कुणी विचारत नाही. आज ‘तुझा विश्वासच कमी पडला’ असं आजाऱ्याला ऐकवणारे प्रार्थनासभांतही भेटतात आणि इतरत्रही. त्यांना या गोष्टीत कुठलाच आधार सापडणार नाही.

सौंसरजवळच्या जामसावळीला गेलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजवावं लागत नाही. पिंपळाखाली आडवा पहुडलेला मारुती, त्याच्या नाभीतून पाझरतं असं मानलं जाणारं पाणी, आणि ते पाणी घ्यायला आलेली कुटुंबं. बाधा झाली म्हणून आणलेलं माणूस बहुधा काहीच मागत नाही. मागते ती शेजारी बसलेली आई, बायको, भाऊ. दैवत वेगळं, धर्म वेगळा. मारुतीचा भक्त आणि ख्रिस्ताचा अनुयायी यांची श्रद्धा एकच, असं मी म्हणणार नाही. पण पिशवी उशाला घेऊन पायरीवर रात्र काढणाऱ्या आईला सोर-सिदोनची बाई लगेच ओळखू येईल.

ही गोष्ट मराठीत आली त्यालाही नागपूरचा धागा आहे. मिशनरी विल्यम केरीनं बंगालमधल्या श्रीरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान 1805 साली मराठीत छापलं. त्याच्या मदतीला असलेले वैजनाथ पंडित नागपूरकडचे. पुढे 1845 मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला, शाळा काढली, गोंडांची भाषा टिपून ठेवली. सातपुड्याच्या वर, नरसिंगपूर-छिंदवाडा-बैतूल भागात, 1877 पासून स्वीडनचे लुथरन मिशनरी आले. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या चर्चचं मुख्य ठाणं आजही छिंदवाड्याला आहे.

या मंडळींनी गावोगाव सांगितलेल्या कथांत ही कनानी बाई असणारच. तिच्या कथेत एक गोष्ट घडत नाही, ती मात्र सांगताना पुष्कळदा सुटून गेली असावी. मुलगी बरी झाल्यावर बाईनं देव बदलला, असं मत्तय किंवा मार्क कुठेच लिहीत नाहीत. येशू तशी अट घालत नाही. ती आली तशी घरी जाते. अटीचा हाच प्रश्न आपल्याकडे वादाचा झाला. 1954 मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारनं निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली; राजधानी तेव्हा नागपूर होती. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, या तक्रारी तिच्या 1956 च्या अहवालात सविस्तर आल्या, आणि ख्रिस्ती समाजानं त्या अहवालाला कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. माझं मत एवढंच, की बरं करण्याला अट लावायची असेल तर मत्तयाचा 15वा अध्याय साथ देत नाही.

अट न लावता काम कसं चालतं, हे बघायचं तर बैतूल जिल्ह्यातलं पाढर बघावं. डॉ. क्लेमेंट मॉस यांनी 1958 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, आणि आजही गोंड-कोरकू गावांतली माणसं तिथे उपचाराला येतात. जून 2012 मध्ये एका गरीब घरातल्या शरीरानं जोडलेल्या जुळ्या मुलींना तिथल्या शस्त्रक्रियेत वेगळं केलं गेलं. त्यासाठी ठिकठिकाणचे डॉक्टर जमले होते. काही आठवड्यांनी त्यांतली एक गेली, एक वाचली. शुभवर्तमानातल्या गोष्टींत असा अर्धा शेवट नसतो, रुग्णालयात असतो. तिथला डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात जातो, तोही विश्वासच.

म्हणून वाचकांना एक विनंती. चर्चमध्ये प्रार्थना करा, जामसावळीला नवस बोला, ज्याची जशी श्रद्धा. पण आपल्या माणसासाठी मागायला निघालाच आहात तर त्या बाईसारखं एका नकारावर थांबू नका आणि डॉक्टरचं दारही वाजवा. मनाच्या आजारासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि मराठीतही बोलता येतं.