पांझरेच्या मातीचा सातबारा कुणाच्या नावावर?

पिंपळनेरच्या शिवारातली चिमूटभर माती हातात घ्या. कांद्याच्या वाफ्यातली घ्या, नाहीतर लाटीपाडा धरणाखाली पांझरेच्या काठची घ्या. तिच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या हजारो जाती असतात. (ही जात निसर्गाची, मनूची नव्हे.) त्यातल्या बहुतेकांना अजून नाव नाही. जगात नियमाने नाव मिळालेल्या जिवाणूंच्या जाती वीस-पंचवीस हजारांच्या घरात आहेत. बाकीचे बिननावाचे. बिननावाचे असणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नाव मिळते कसे? पूर्वी काचेच्या ताटलीत जिवाणू वाढवायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तो कोणती साखर खातो ते तपासायचे. पण दिसायला सारखे ते आतून सारखे असतातच असे नाही, आणि मातीतले बहुतेक जिवाणू ताटलीत वाढतच नाहीत. आज जिवाणूचा सगळा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची अथपासून इतिपर्यंतची अक्षरे, यंत्राने वाचतात. ओळखीच्या जवळच्या जातीशी ताडून साधर्म्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली आले, तर जात नवी. मग त्याचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, तेव्हा नाव मान्य होते. असा एक मोठा संग्रह पुण्यातच आहे.

पाणी तपासण्याची या देशाची जुनी रीत निराळी होती. पाण्यात काय आहे ते कुणी पाहत नसे, पाण्याला हात कुणाचा लागला ते पाहत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले! शेणाने पाण्यातले जिवाणू वाढतात की घटतात, हे आज शाळेतले पोरही सांगेल.

महाराष्ट्रातल्या पाण्याने जगाला नवे जिवाणू दिले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातून २०१० साली 'इंडिबॅक्टर अल्कलिफिलस' आणि २०१२ साली 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' जगापुढे आणले. दुसऱ्याचा जिनोमही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. 'सेसेम्बिया' हा शब्द सीसीएमबी या अक्षरांवरून बनवला आहे. संस्था पुढे, गाव मागे. संस्थेने कष्ट केले, तिचे नाव लागले, त्यात वावगे काही नाही. पण नाव लागणे वेगळे आणि वाटा मिळणे वेगळे.

फिलिपिन्समध्ये काय झाले पाहा. इलोइलो इथले डॉक्टर अबेलार्डो अग्विलार यांनी १९४९ साली तिथली माती इलाय लिली या अमेरिकन कंपनीला पाठवली. त्या मातीतल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन निघाले. पेनिसिलिन न चालणाऱ्या रुग्णांना डॉक्टर आजही ते देतात. कंपनीने इलोइलोवरून औषधाला 'इलोटायसिन' नाव दिले. गाव बाटलीवर चढले, पण अग्विलार यांना रॉयल्टीचा छदाम मिळाला नाही.

आता तर माती पाठवायचीही गरज उरलेली नाही. जिनोम एकदा वाचला की तो संगणकावरून कुठेही जातो. यावरच २०२४ साली कोलंबियातल्या काली शहरी जैवविविधता परिषदेत खल झाला. अशी माहिती वापरून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यातला वाटा एका निधीत द्यावा आणि त्यातला निदान अर्धा आदिवासी व स्थानिक समाजांच्या कामी यावा, असे ठरले. २०२५ च्या फेब्रुवारीत 'काली निधी' सुरू झाला. मात्र देणे कंपन्यांच्या मर्जीवर! मर्जीवर सोडलेला हक्क किती पदरात पडतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

म्हणून आपल्या हाती काय आहे ते आधी पाहू. २००२ च्या जैवविविधता कायद्यात 'जैविक संसाधन' या शब्दात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची, हे तिचे काम. आपल्या हद्दीतल्या संसाधनांबद्दल निर्णय घेताना वरच्या मंडळांनी तिचा सल्ला घ्यावा, असेही कायदा म्हणतो.

पिंपळनेर परिसरातल्या भिल्ल, कोकणा वस्त्यांतल्या मुलामुलींनी, महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या आपल्या पोरांनी ही नोंदवही मागून पाहावी. झाडे असतील, पिके असतील, मासे असतील. जिवाणूंचे पान आहे का? नसेल तर सुरुवातीला यंत्र लागत नाही. माती कुठल्या गटातली, किती खोल, कोणत्या तारखेची, शेत खताचे की बिनखताचे, झऱ्याचे पाणी किती ऊन, आणि नमुना कुणी उचलला, एवढे वहीत लिहायला पेन पुरते. जिनोम वाचायला नमुना पुण्याला किंवा हैदराबादला जाईल तेव्हा या वहीची प्रत त्याच्यासोबत जावी, पोचपावती गावात राहावी, आणि नमुना उचलणाऱ्या पोरीचे नाव शोधनिबंधात छापून यावे.