फटाक्यांचा शेजार

दारूशी माझा संबंध वर्षातून एकदाच येतो, तो दिवाळीत. वाचकांनी भुवया उंचावू नयेत. मी म्हणतो ती शोभेची दारू! आपल्या जुन्या माणसांनी या प्रकाराला 'दारूकाम' असे रोखठोक नाव दिले होते. फारसीतून आलेल्या 'आतषबाजी'त तर आतष म्हणजे आगच, आणि बाजी म्हणजे खेळ. नावातच ताकीद होती. पुढे आपण 'फटाके' म्हणू लागलो. हा शब्द कसा खेळण्यासारखा, कुरमुरे-बत्ताशांच्या पंक्तीला बसणारा! शब्द सोपा झाला की वस्तूही निरुपद्रवी वाटू लागते, हा मराठीच्या मास्तरकीतला माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

मी राहतो बदलापुरात आणि शिकवतो उल्हासनगरच्या बाजूला, एका महाविद्यालयात. मधले स्टेशन अंबरनाथ. या तीन स्टेशनांच्या मधल्या प्रवासातच माझे निम्मे वाचन आणि सगळे चिंतन होते. बदलापुरात फटाके मिळत नाहीत असे नाही. पण 'कॅम्पात स्वस्त मिळतात' हे आमच्याकडचे ब्रह्मवाक्य. त्याला प्रमाण मानून गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी बारा वर्षांच्या कन्येला घेऊन उल्हासनगरातल्या एका दुकानात शिरलो.

दुकानाचे नाव सांगत नाही. सांगण्यात अर्थही नाही, कारण तशी दुकाने गल्लोगल्ली आहेत. मूळ धंदा तयार कपड्यांचा. दुकान दहा फूट रुंद आणि आगगाडीच्या डब्यासारखे लांब. दिवाळीपुरते दारातच टेबल मांडलेले, त्यावर फुलबाज्या, भुईचक्रे, भुईनळे, लवंगी माळा आणि सुतळी बॉम्ब. दोन्ही बाजूंना छतापर्यंत शर्टांच्या आणि फ्रॉकांच्या थप्प्या. वर माळा, त्यावर खोकी. मागच्या दाराला आणखी खोकी टेकवलेली. आणि या सर्वांच्या मधोमध गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे तेवते निरांजन आणि उदबत्त्यांचा झुबका. सणाचा दिवस, तेव्हा शेठजींनी चोपड्यांची पूजा नुकतीच आटोपलेली.

फटाके दाखवायला जो मुलगा पुढे आला तो माझाच विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही?" म्हणून त्याने लाजत नमस्कार केला. तो माळ उलगडून दाखवत असताना उदबत्तीच्या टोकाची लालभडक राख गळली आणि फटाक्यांच्या खोक्यातून निघालेल्या कागदाच्या कपट्यांवर पडली. कपट्याला काळे वर्तुळ पडले. मग त्याची कड तांबडी झाली. पोराने ती दोन बोटांनी चिमटली आणि बोटे पँटला पुसली. शेठजी हसले, गिऱ्हाइके हसली, मीही हसलो. कन्या मात्र हसली नाही. ती मागच्या दाराकडे पाहत होती.

"बाबा, इथे आग लागली तर आतली माणसे कुठून बाहेर जातील?"

मी तिला "चल, उशीर होतोय" असे उत्तर दिले. ज्या प्रश्नाला उत्तर नसते त्याला वडील मंडळी हेच उत्तर देतात.

पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत चढला. पुढे दुसऱ्या सत्रात तो विद्यार्थी एकदा भेटला तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, दिवसभर दुकानात उभा असतोस, जेवतोस कुठे?"

"माळ्यावर, सर. खोक्यांच्या मध्ये थोडी जागा असते. दुपारी पडतोही तिथेच."

"आणि खाली काही झाले तर?"

"दहा-बारा दिवसांचाच प्रश्न असतो, सर. तेवढ्यात फी निघते."

त्या दिवसापासून मी या विषयावर जरा वाचू लागलो. मिळाले ते वाचकांपुढे ठेवतो.

फटाका हा दुकानातल्या इतर मालासारखा माल नव्हे. कापड पेटते तेव्हा त्याला हवेतला प्राणवायू लागतो. घोंगडी टाकून हवा तोडली की ज्वाला विझते. फटाक्याच्या दारूला ही गरज नाही. जुन्या काळ्या दारूत शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असे. सोऱ्याच्या पोटात प्राणवायू भरलेला असतो. म्हणजे ही आग आपली शिदोरी बरोबर घेऊन येते! खोके पेटले की त्यावर वाळू ओतून किंवा घोंगडी टाकून ते विझेलच असे नाही. ज्या फुलबाजीला आपण लहान मुलांचे दारूकाम समजतो, तिच्या ठिणग्यांजवळ उष्णता हजार अंशांच्या वर जाते. पहिल्या मिनिटात माणसांना बाहेर पडता आले पाहिजे आणि आगीला शेजारच्या मालापर्यंत पोचता येता कामा नये. बचाव असा काय तो एवढाच.

म्हणून खरा प्रश्न शेजाराचा आहे. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण बैलांपेक्षा फटाक्यांना अधिक लागू आहे. मुंबईने हा धडा फार महाग शिकला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच पोटात कापसाच्या गासड्या. धुमसला आधी कापूस. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. कापूस आणि दारू यांचा एका छताखाली संसार लावला की काय होते ते आपल्याला इतक्या जवळून ठाऊक आहे. आणि तरी कपड्याच्या दुकानात आपण तोच संसार पुन्हा थाटतो.

उलट शहाणपणाचे उदाहरण पाहायचे तर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. अंबरनाथ म्हटले की लोकांना अकराव्या शतकातले शिवमंदिर आठवते. पण गेल्या शतकात या गावाचे नाव घरोघर पोचले ते काडेपेटीमुळे. १९२०च्या दशकात स्वीडिश कंपनीने इथे 'विम्को'चा आगपेट्यांचा कारखाना काढला. या 'सेफ्टी मॅच'मधली सेफ्टी कोठे असते? काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते. तांबडा फॉस्फरस गुलात नसतो, तो पेटीच्या कडेला फासलेला असतो. पूर्वीच्या काड्यांत पेटवणारा फॉस्फरस गुलातच असे. त्या कोठेही घासल्या तरी पेटत, कधी खिशातही पेटत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये त्या दोघांना वेगळे केले गेले, आणि आग माणसाच्या आज्ञेत आली. सुरक्षितता म्हणजे दुसरे काय? जे एकत्र आल्यावर पेटते, ते दूर ठेवणे. हे तत्त्व दोन बोटांच्या पेटीत मावले. दहा फुटांच्या दुकानात का मावू नये?

कायद्यात ते आहेच. २००८च्या स्फोटक नियमांनुसार फटाक्यांचे कायमचे दुकान तळमजल्यावरच हवे. तळघरात नको, जिन्याजवळ किंवा लिफ्टजवळ नको, वर राहती घरे नकोत. इमारतीच्या इतर भागांपासून ते भक्कम भिंतींनी वेगळे हवे, त्याला स्वतंत्र वाट आणि संकटकाळचे दार हवे. दिवाळीपुरत्या तात्पुरत्या दुकानांची शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी. दोन शेडमध्ये निदान ३ मीटर अंतर हवे, दारे समोरासमोर नकोत, आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत. तेलाचा दिवा किंवा उघडी ज्योत चालत नाही, आणि ५० मीटरच्या आत फटाका उडवून दाखवायला मनाई आहे. आता हे नियम हातात घेऊन आमच्या बदलापुरात हिंडा. नव्या इमारतींत खाली गाळे, वर सात-सात मजले बिऱ्हाडे, आणि गाळ्याला खेटून जिना. नियमाप्रमाणे फटाके ठेवण्याजोगा गाळा शोधायला दिवा घ्यावा लागेल. आणि दिवा तर नेता येत नाही!

"मग मैदानावर विका, झाले," असे कोणी म्हणेल. पण नुसते मैदान म्हणजे सुरक्षितता नव्हे. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि पाहता पाहता शंभराहून अधिक दुकाने व जवळची वाहने जळाली. आग ओळीने एका दुकानातून दुसऱ्यात गेली. मैदान मोकळे होते, दुकाने मोकळी नव्हती. तीन मीटरचे ते अंतर नियमात कशासाठी लिहिले आहे, ते त्या राखेने सांगितले.

आणि बंद दुकानात काय होते? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी बंगळूरजवळच्या अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामात माल उतरवला जात असताना आग लागली. चौदा माणसे तिथेच गेली. पुढे आकडा वाढला. मेलेल्यांत धर्मपुरी जिल्ह्यातून हंगामी कामाला आलेली तरुण पोरे होती. काही तर शिकत होती. हे वाचले त्या रात्री मला बोटांनी निखारा चिमटणारा माझा विद्यार्थी दिसत राहिला.

काही जणांना वाटते, आता 'हरित' फटाके आले, काळजी मिटली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जुन्या घातक फटाक्यांना आवर घातला आणि नागपूरच्या 'नीरी'ने कमी धुराची मिश्रणे तयार केली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण हरित फटाका फुफ्फुसाला थोडा हलका असतो. ठिणगीच्या लेखी त्याचा रंग कोणताही असो.

या वर्षी दसऱ्याआधी मी मुद्दाम त्या शेठजींकडे गेलो. चहा आला. मी नियम सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, माझे वडील सिंधमधून आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. बराकीत राहिले, गाडीत गोळ्या-बिस्किटे विकली. या दुकानाची एकेक वीट मोजून घेतलेली आहे. मैदानावर गाळा घ्यायचा तर भाडे वेगळे, रात्रीचा राखणदार वेगळा, पाऊस आला तर माल बुडाला. आणि मी नाही ठेवले तर शेजारचा ठेवणारच ना?"

मला एकदम उत्तर सुचले नाही. लष्कराच्या ओस छावणीत निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथल्या माणसाला धंद्याची किंमत मी काय सांगणार? त्यांचे शेवटचे वाक्यही खरे होते. एकट्याने सोडायचे आणि शेजाऱ्याने कमवायचे, हा कोणता न्याय? तिन्ही गावांच्या कारभाऱ्यांनी वेळेवर, परवडेल अशा भाड्यात, नीट अंतर राखून मैदाने आखून दिली, पाण्याची आणि राखणीची सोय केली आणि मग नियम सर्वांना सारखा लावला, तरच शेठजींना नियम पाळणे परवडेल. नाहीतर दर वर्षी नोटिसा निघतील, माळ्यावर खोकी चढतील, आणि कधीतरी अरुंद गल्लीच्या तोंडाशी अडकलेला बंब पाहून आपण म्हणू, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

"शेठजी," मी शेवटी म्हटले, "तुमच्या वडिलांनी विटा मोजल्या, त्या जपायच्या असतील तर निदान माळा रिकामा करा. आणि ते मागचे दार उघडे ठेवा." त्यांनी माळ्याकडे पाहिले, मग माझ्या विद्यार्थ्याकडे. "माळा करतो रिकामा," ते म्हणाले. "मैदानाचे पुढच्या वर्षी बघू." पूर्ण विजय नव्हे, मला ठाऊक आहे, दारातले टेबल तिथेच राहणार होते. पण निदान ते पोर आता माळ्यावर जेवणार नाही.

घरी येऊन मोठ्या अभिमानाने ही हकिकत सांगितली. सौभाग्यवतींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, ते सगळे खरे. पण गेल्या वर्षीचे उरलेले फटाके तुम्ही कुठे ठेवलेत, आठवते का?"

आठवले. स्वयंपाकघरातल्या पोटमाळ्यावर, बरोबर गॅसच्या शेगडीच्या वर, जुन्या गाद्यांच्या शेजारी.

कन्या काही बोलली नाही. तिने फक्त स्टूल आणून माझ्यापुढे ठेवले.