विलायतेत कंपनी काढायची म्हणजे काय?



मध्यंतरी गट ऑफिसात एक सभासद आले. म्हणाले, "साहेब, एजंट म्हणतो पोराच्या नावाने लंडनला कंपनी काढून देतो, मग व्हिसा आपोआप मिळतो. ऊसबिल आलं की पैसे भरू का?" त्यांना जे सांगितले तेच येथे सर्वांच्या माहितीसाठी देत आहोत.

पहिली गोष्ट. ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवायला तेथे राहावे लागत नाही. परदेशी माणूस एकटाच संचालक आणि भागधारक होऊ शकतो. संचालकाचे वय १६ पूर्ण हवे. आपला कारखाना जसा सहकार निबंधकांकडे नोंदलेला, तशी तिथली कंपनी 'कंपनीज हाऊस'मध्ये नोंदतात. नाव, धंद्याचा प्रकार, संचालक, भागधारक व पोटनियम द्यावे लागतात. कार्यालयाचा पत्ता तिथलाच लागतो. नुसता पोस्टपेटीचा क्रमांक चालत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकाला आपली ओळखही पटवून द्यावी लागते. फरक एवढाच की आपल्याकडे एक सभासद, एक मत. तिथे साधारणपणे जितके भाग तितकी मते.

दुसरी गोष्ट. नोंदणी झाली म्हणजे काम संपले नाही. दरवर्षी हिशेब आणि माहितीपत्रक भरावेच लागते, धंदा एक पौंडाचा झाला नसला तरी! हिशेबाला एक दिवस उशीर झाला तरी १५० पौंड दंड. सहा महिन्यांवर गेला तर १,५००.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली, आणि इथेच लोक फसतात. परदेशी कंपनीत भांडवल घालण्याचे नियम २०२२ साली नव्याने आले. पैसे अधिकृत बँकेमार्फतच जावेत. बँकेत ठरलेला फॉर्म भरून रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय पहिली रक्कम जात नाही. एका व्यक्तीला सर्व कारणांसाठी मिळून आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. तिथे जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा किंवा जुगाराचा धंदा करता येत नाही. अशा भांडवलासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असाही नियम आहे. पुढे कंपनीचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत बँकेकडे द्यायचा आणि प्राप्तिकराच्या विवरणात परदेशातली मालमत्ता दाखवायची. एजंटच्या हाती रोख दिली, तर यातले काहीच होत नाही, आणि जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागतो.

राहिला व्हिसा. कंपनी आपल्या मालकीची आहे एवढ्यावर तिथे राहण्याचा किंवा काम करण्याचा हक्क मिळत नाही. कंपनीचा दाखला वेगळा, व्हिसा वेगळा.

शेवटी एक साधी गोष्ट. तिकडे माल विकायला तिकडे कंपनी असलीच पाहिजे असे नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक काढून इथूनच गूळ-द्राक्षे पाठवता येतात. आधी चार खेपा पाठवा, गिऱ्हाईक ओळखा, पैसे वेळेवर येतात का ते पाहा. धंदा उभा राहिला की कंपनीचा विचार करा, आणि तोही सनदी लेखापालाला विचारून.

ते सभासद घरी गेले ते पैसे न भरताच. बी पाहिल्याशिवाय आपण लागण करत नाही. मग इथे तरी घाई कशाला?